पांढराशुभ्र शेला

कधीकाळची ही गोष्ट. एका गावात तो दिवस रोजच्यासारखाच उजाडला. एक आई तळ्यावर लेकीचा गणवेश धूत होती. दुसरा जोड घालून लेक पाठशाळेला निघाली होती.

पाठशाळा ओढ्यापलीकडे होती. गणवेशात कमरेला जाडाभरडा शेला असे. ओढा ओलांडताना मोठ्या मुलाने पुढे चालायचं आणि धाकट्याने त्याच्या शेल्याचं टोक मुठीत धरायचं, अशी तिथली रीत होती. आणखी एक रीत होती. ज्याचा गणवेश सर्वांत पांढरा, तो प्रार्थनेला सर्वांच्या पुढे. तो मान या लेकीचा कधी चुकला नव्हता.

त्यासाठी आई दोन्ही जोडांचे शेले रोज आळीपाळीने राखेच्या पाण्यात उकळी, दगडावर आपटी आणि वर धोपाटण्याने बडवी.

तळ्यातला बगळा म्हणाला, "बाई, धुतेस की कुटतेस?"

"तुझ्याहून पांढरा व्हायला हवा!"

"मीही पांढराच आहे. पण मला कुणी दगडावर आपटत नाही. शेला विरलाय, उजेडात धरून बघ."

"तू आपले मासे बघ, मेल्या!" आई हसली.

त्याच सकाळी शेजारीण दारात येऊन म्हणाली होती, "वहिनी, आमची धाकटी आजपासून पाठशाळेत जाते. तुमच्या लेकीच्या मागे राहू दे."

"अगं, हे काय विचारणं झालं!"

ऊन वर आलं, तेव्हा एक गुराखी धापा टाकत आला. "काकू, ओढ्याला लोंढा आला! घाबरू नका, तुमची पोर काठावर आहे."

आईने हात जोडले. "आणि तिच्या मागची?"

"माणसं खालच्या बंधाऱ्याकडे धावलीत," गुराखी म्हणाला.

आई ओढ्यावर पोचली. लेक ओलीचिंब बसली होती. तिच्या कमरेच्या शेल्याला टोक नव्हतं.

"आई, तिने सोडला नाही गं. तो फाटला."

आईने उरलेला शेला दोन बोटांत धरून ओढला. कोळिष्टकासारखा तो आवाज न करता फाटला.

संध्याकाळी धाकटी खालच्या बंधाऱ्याशी सापडली. मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीतलं कापड गावात सर्वांत शुभ्र होतं.

पाठशाळेने पांढरेपणाचा मान बंद केला. आता ओढ्याकाठी गुरुजी प्रत्येक शेला ताणून पाहतात.

मुलांनो आणि मोठ्यांनो, वस्तू किती उजळ दिसते हे मागाहून पाहावं. ती ज्या कामाची, त्या कामाला अजून टिकेल का, हे आधी.

शेजारणीचं दार हाकेच्या अंतरावर आहे. आई अजून तिथे गेलेली नाही.