जिवंत माणसाचे श्राद्ध

एका वृद्ध आचार्यांना एकदा आपल्या गुरुबंधूंच्या भेटीची ओढ लागली. गुरुबंधू शंभूशास्त्री दूरच्या एका तीर्थक्षेत्री, नदीपलीकडे लहानशी पाठशाळा चालवीत. तिथे फोन नव्हता. शास्त्रीबुवा आजारी असल्याचे उडत उडत कानावर आले, तेव्हा आचार्यांनी शिष्य त्र्यंबकाला बरोबर घेतले आणि गाडी पकडली.

स्टेशनाबाहेर पाऊल ठेवताच एका टॅक्सीवाल्याने त्र्यंबकाच्या हातातली पिशवी आदराने घेऊन डिकीत ठेवली, दार उघडून धरले. गाडी सुरू झाल्यावर त्याने विचारले, "कुठं जायचं, बाबा?"

"शंभूशास्त्र्यांच्या पाठशाळेत."

त्याने आरशातून दोघांकडे निरखून पाहिले. "अरेरे! तुम्हांला कळलं नाही वाटतं? बुवा गेले की. महिना होत आला. पाठशाळेला कुलूप आहे."

त्र्यंबकाला पहिला श्लोक शास्त्रीबुवांनीच शिकवला होता. तो तोंडावर उपरणे धरून रडू लागला. आचार्य डोळे मिटून बसले.

"आता आलाच आहात तर घाटाजवळ माझ्या ओळखीचं लॉज आहे," टॅक्सीवाला मऊ आवाजात म्हणाला. "बुवांच्या नावानं श्राद्ध घालायचं असेल तर गुरुजीही तिथंच मिळतात. सगळं मी बघतो."

"फार उपकार झाले, दादा," त्र्यंबकाने हात जोडले.

आचार्यांनी डोळे उघडले. "आम्हांला ते कुलूप बघायचं आहे."

त्र्यंबक चकित झाला. कुलूप बघून काय होणार होते?

"पूल बंद आहे, बाबा."

"मग पुलापर्यंत चल."

"तिकडं गाडी जात नाही."

"मग इथेच थांबव."

नाइलाजाने त्याने गाडी थांबवली. आचार्यांनी उतरून आधी डिकीतली पिशवी काढली, खांद्याला अडकवली आणि मगच रस्त्याकडेच्या केळीवालीला शंभूशास्त्र्यांविषयी विचारले.

"बुवा? असतील की पाठशाळेत!" ती म्हणाली. "खोकला आहे, पण तोंड कुठं थांबलंय? कालच भांडून गेले, कच्ची केळी दिली म्हणून. पूल ओलांडला की डावीकडं."

त्र्यंबकाने टॅक्सीवाल्याची गचांडी धरली. "नालायका! जिवंत माणसाचं श्राद्ध घालायला निघाला होतास?"

"मला तसंच कळलं होतं," तो पुटपुटला.

आचार्यांनी शिष्याचा हात सोडवला. "तुझं पोट भाड्यावर भरलं असतं," ते टॅक्सीवाल्याला म्हणाले. "तू या पोराचं रडणं विकायला काढलंस." तिथवरचे भाडे गाडीच्या टपावर ठेवून ते पुलाकडे चालू लागले. पूल उघडाच होता.

"गुरुजी, तुम्हांला आधीच कळलं होतं?" त्र्यंबक धुमसत होता. "मग गप्प का बसलात?"

"कळलं नव्हतं. मीही मनात रडतच होतो. पण मृत्यूची बातमी सांगता सांगता त्यानं लॉजचा विषय काढला, तिथे मी अडखळलो. जो आपल्याला वाईट बातमी देतो आणि लगेच सोयही करायला निघतो, त्याची बातमी तिसऱ्या माणसाला विचारावी. कुलूप असतं, तर दाखवायला त्याची हरकत नसती. आणि राग मलाही आला होता, त्र्यंबका! पण आपण त्याच्या गाडीत, पिशवी त्याच्या डिकीत, रस्ता त्याच्या माहितीचा. आधी सामान हातात घ्यावं, मग रागवावं."

"आता हा राग सोडून देऊ?"

"का म्हणून? खरा राग आहे तो. फक्त गचांडी धरण्यात संपवू नकोस."

शास्त्रीबुवांनी दोघांना दारातच मिठी मारली, आणि इतक्या दिवसांनी आलात म्हणून रागावलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबक एकटाच स्टेशनावर गेला. तोच टॅक्सीवाला एका वृद्ध जोडप्याला सांगत होता, "ती धर्मशाळा पडली हो, आजी. चला, माझ्या ओळखीचं..." त्र्यंबकाच्या मुठी वळल्या. पण तो टॅक्सीवाल्याकडे न जाता आजोबांपाशी गेला.

"आजोबा, सामान हातातच ठेवा. आणि आधी धर्मशाळेत फोन करून विचारा."

टॅक्सीवाल्याने त्याच्याकडे जळजळीत नजरेने पाहिले. त्र्यंबकानेही नजर हटवली नाही.

आजोबांनी फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला, "बोला, धर्मशाळा."