हळदीकुंकू लावलेला दोर

फार पूर्वी, डोंगरापलीकडची लढाई संपली तेव्हा, एका गावात एक शिलेदार घरी परतला. त्याचा डावा हात लढाईत मनगटापासून गेला होता.

गावाने त्याला वाजतगाजत आणलं. पारावर त्याच्यासाठी घोंगडी अंथरली. तो कुदळ उचलायला गेला की कुणीतरी ती काढून घेई. "शिलेदार, तुम्ही बसा. आम्ही आहोत ना." घागर उचलायला गेला, तरी तेच. चार महिने तो बसून राहिला. मग त्याला वाटू लागलं, लढाईत नुसता हात गेला; उरलेला मी इथे पारावर संपत चाललोय.

फौजेत घोडे बांधायचे दोर तो स्वतः वळायचा. त्याने घायपाताचा वाख आणला आणि दोर वळायला घेतले. वाखाचं एक टोक दातात धरायचं आणि उजव्या हाताने पीळ द्यायचा. बाजाराच्या दिवशी त्याचे सगळे दोर खपले. पुढच्या बाजारालाही खपले. शिलेदार खूश झाला.

तिसऱ्या बाजाराला एक म्हातारी माळीण आली. तिने तुटका दोर त्याच्यापुढे टाकला.

"तुझा दोर तुटला, बाबा. पोहरा विहिरीत गेला. माझी फुलझाडं दोन दिवस तहानलेली आहेत. दुसरा दे."

लोक तिच्यावर धावून आले. "म्हातारे, कुणाशी बोलतेस? त्यांनी राज्यासाठी हात दिलाय."

"दिला ना. पण मी दोर नेला होता."

शिलेदाराचं तोंड उतरलं. त्याने विचारलं, "इतक्या जणांनी दोर नेले. आणखी कुणाचा तुटला?"

तो उठला आणि दोर नेलेल्या पाटलांच्या घरी गेला. तिथे खुंटीवर त्याचा दोर टांगला होता, हळदीकुंकू लावून. विहिरीवर जुनाच दोर होता.

"तुमच्या हातची वस्तू," पाटील म्हणाले, "ती पाण्यात कशी सोडायची?"

शेजारच्या घरीही तेच. तिसऱ्या घरी तो गेलाच नाही.

तो माळिणीच्या मळ्यात गेला. "आजी, साऱ्या गावात माझा दोर तुम्ही एकट्यांनी वापरलात."

"मग काय त्याची पूजा करू?" तिने तुटलेलं टोक त्याच्या हातात दिलं. "हे बघ. पीळ सैल पडलाय. दातांनी ताण किती धरशील?"

शिलेदाराने ते टोक अंगठ्याने चाचपलं. त्याला बांधलेला घोडा आठवला. घोड्याला हात नसतात, पण तो मागे सरकला की दोर कसा ताठ होतो.

सकाळी त्याने अंगणात खुंटा ठोकला. वाखाचं एक टोक खुंट्याला बांधलं, दुसरं कमरपट्ट्याला लावलेल्या लाकडी भिंगरीत अडकवलं. मग अंगाचा सगळा भार मागे टाकला. वाख ताठ झाला, आणि भिंगरी फिरवून पीळ द्यायला हात मोकळा राहिला.

नवा दोर त्याने माळिणीला दिला. मनाशी ठरवलं, हाही तुटला तर पुन्हा पारावर जाऊन बसायचं.

पुढच्या बाजाराला माळीण आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. शिलेदाराला घास गोड लागेना. मग एका बाजाराला ती दिसली. भाजी घेऊन ती त्याच्यासमोरून तशीच पुढे निघाली.

"आजी," त्याने भीत भीत हाक मारली, "दोर?"

"त्याचं काय? विहिरीवर आहे. कामातला दोर सोडून तुला दाखवायला आणू का?"

कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

हे पाटलांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते तो हळदीकुंकवाचा दोर घेऊन शिलेदाराच्या अंगणात आले. जरा चाचरतच म्हणाले, "ओढून बघितला. तुटला. बदलून द्या."

शिलेदार हसला. त्याने कमरपट्टा आवळला, पारावरून आणलेली ती घोंगडी पाटलांसाठी अंथरली आणि म्हणाला,

"पाटील, तुम्ही बसा. मी आहे ना."

तात्पर्य: लढून आलेल्या माणसाला नुसता मान देऊन भागत नाही. त्याने केलेली वस्तू वापरावी, आणि चुकली असेल तर तसं त्याला तोंडावर सांगावं.