हळद आणि गुलालाचे टोळ

खूप जुनी गोष्ट आहे, राजेराण्यांच्या काळातली. एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. अलीकडे एक तरुण राणी राज्य करायची, पलीकडे एक म्हातारा राजा. राणी भारी भित्री. दरबारात कुणाच्या हातून पेला पडला, तरी ती सिंहासनावरून उठून उभी राहायची. दरबारी तोंड फिरवून हसायचे.

त्या साली ज्वारी अशी आली होती म्हणून सांगू! कणसं भरली, हुरड्याला आली, आणि एका सकाळी आभाळ एकदम काळवंडलं. ढग? छे, टोळ! लाखो टोळ!

दोन्ही राज्यांची रीत एकच होती. टोळधाड आली की ढोल बडवायचे आणि तिला नदीपार हाकलायचं. पलीकडच्यांचं काय ते पलीकडचे बघतील!

अलीकडच्यांनी हळद उधळत ढोल बडवले. टोळ उडाले, नदीपार गेले. "जिंकलो!" म्हणत सेनापती नाचायलाच लागला.

त्याचा नाच संपतो न संपतो, तोच पलीकडे ढोल वाजले. गुलाल उधळला गेला. आणि टोळ परत हजर! पुन्हा हळद, पुन्हा गुलाल. प्रत्येक फेरीत दोन्हीकडची शेतं बोडकी होत चालली. दिवस कलला, तेव्हा दोन्ही काठांवर फक्त बियाण्याची शेतं उरली होती. ती गेली तर पुढच्या साली पेरायचं काय?

"हे त्यांचे टोळ आहेत, राणीसाहेब," सेनापती गरजला. "आपले तर आपण केव्हाच हाकलले!"

इतक्यात एक टोळ टपकन काठावर बसलेल्या राणीच्या मांडीवर पडला. ती किंचाळलीच! सगळे हसले. पण राणीने धीर करून पाहिलं. टोळाच्या एका पंखावर हळद होती, दुसऱ्यावर गुलाल.

ती टोळ मुठीत धरून तशीच धावत जाऊन नावेत बसली आणि नदीच्या मधोमध गेली. "काका, ढोल थांबवा!"

"आधी तुझे टोळ घेऊन जा, पोरी!" राजा काठावरून ओरडला.

"माझे कसले, काका? हा बघा! हळद आमची, गुलाल तुमचा. एकाच धाडीला आपण दोघं आळीपाळीने जेवू घालतोय!"

राजाने डोळ्यांवर हात धरून टोळाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाला, "बरं, मग करायचं काय?"

"पहाटेच्या गारठ्यात टोळ आखडतात, त्यांना उडता येत नाही. तेव्हा झाडून चरात पुरायचे. पण त्यासाठी आपल्या रानात त्यांना बसू कोण देणार? आज मी देते. माझी माणसं एकटी कमी पडतील. तुम्ही पहाटे या, खराटे घेऊन."

"आणि मी आलोच नाही तर?"

राणी म्हणाली, "तर माझं बियाणं जाईल. मग ऊन चढलं की ते तुमच्याकडे येतील. मला भीती वाटतेय, काका. तुम्हाला नाही वाटत?"

राजा पाठ फिरवून निघून गेला. पण पलीकडचे ढोल थांबले, आणि टोळ राणीच्या रानात उतरले.

पहाट झाली. बियाण्याच्या शेताला लागून टोळांचा जाड थर पसरला होता. राणी स्वतः खराटा घेऊन त्यांना रात्रीच खणलेल्या चरात झाडत होती. झाडून संपेना. पूर्वेला तांबडं फुटलं.

"कुणी येत नाही, राणीसाहेब! ढोल वाजवू?" सेनापती रडकुंडीला आला.

"नको! जरा थांबा!"

आणि धुक्यातून नावा आल्या! नावाच नावा, माणसांनी भरलेल्या! पहिल्या नावेत खांद्यावर खराटा टाकून म्हातारा राजा उभा. "अगं, खराटे जमवण्यात उशीर झाला! आमच्याकडे ढोलच जास्त निघाले!"

ऊन चढायच्या आत चर बुजले. दोन्हीकडचं बियाणं वाचलं.

तेव्हापासून त्या नदीवर कुठल्याही काठाला ढोल वाजला, की दुसऱ्या काठाची माणसं खराटे घेऊन धावत येतात. राणी अजूनही दचकते. पण आता कुणी हसत नाही. ती कशाला दचकली, ते आधी बघतात.

तात्पर्य: सगळ्यांवर आलेलं संकट शेजाऱ्याकडे ढकलून टळत नाही, ते सगळ्यांनी मिळूनच संपवावं लागतं.