दोरीची दोन टोकं

फार पूर्वी, ज्या काळाची मोजदाद आता कुणाकडेच उरलेली नाही, त्या काळी एका डोंगराच्या उतारावर पाच गावं होती. पाचांचा देव एक, बोली एक आणि सोयरिकी तर इतक्या की भांडायला उभं राहण्याआधी नातं तपासावं लागे. तरी पाण्याच्या वाटणीवरून त्यांचं कधीतरी बिनसलं, ते बिनसलंच.

दरवर्षी पिकं घरात आली की डोंगरापलीकडून लुटारू यायचे. ते हुशार होते. एका वर्षी एकच गाव लुटायचे. उरलेली चार गावं दारं लावून बसायची आणि यंदा आपली पाळी टळली म्हणून देवापुढे नारळ फोडायची.

राजाकडे प्रत्येक गावात ठेवण्याइतकं सैन्य नव्हतं. त्याने पाचही पाटलांना बोलावून सांगितलं, “एकमेकांच्या हाकेला धावून जायची शपथ घ्या.” पाटलांनी माना डोलावल्या, पण एक अडचण होती. त्या मुलखात छताखाली घेतलेली शपथच पाळायची रीत होती, आणि दुसऱ्याच्या गावातल्या छताखाली जायला एकही पाटील तयार नव्हता. शेवटी पाचही गावांच्या शिवा जिथे मिळतात त्या माळावर दगडी सभामंडप बांधायचं ठरलं. पुढचं पीक घरात येण्याआधी त्यावर छत चढायला हवं होतं. नाहीतर आणखी एक गाव लुटलं जाणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

काम एका तरुण स्थपतीकडे आलं. अकरा वर्षं गुरूंच्या हाताखाली घालवून तो नुकताच बाहेर पडला होता. निघताना गुरू म्हणाले होते, “आणखी एक पावसाळा थांब. थोडं राहिलंय.”

“गुरुजी, शिकायचं ते शिकून झालं,” तो म्हणाला होता. गुरूंनी त्याला अडवलं नाही. तोही मग कधी त्यांच्याकडे फिरकला नाही.

माळावर पहिल्याच दिवशी भांडण पेटलं. पहिला दगड कुणाचा बसवायचा यावरून दोन गावांचे गवंडी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तरुण स्थपतीने डोकं चालवलं. मंडपाचे दहा खांब होते. त्याने प्रत्येक गावाला दोन-दोन खांब वाटून दिले आणि मधे बांबूचे तट्टे उभे केले. ज्याने त्याने आपला दगड आणावा, आपला चुना मळावा, आपलीच दोरी ताणून आपलेच दोन खांब एका पातळीत आणावेत. कुणी कुणाकडे बघायचंही कारण उरलं नाही.

सात महिने माळावर भांडणाचा चकार शब्द निघाला नाही. राजाचा कारभारी पाहणीला आला, तो खूश होऊन परत गेला. स्थपतीही स्वतःवर खूश होता. एवढी भांडकुदळ गावं आपण कशी वठणीवर आणली, हे तो येईल त्याला सांगत असे.

मग खांबांवर दगडी तुळया चढवायची वेळ आली. तुळईचं एक टोक एका गावच्या खांबावर आणि दुसरं शेजारच्या गावच्या खांबावर टेकायचं होतं. तट्टे काढले, पहिली तुळई चढवली, तर ती डुगडुगली. एका बाजूला उतारावरच्या सगळ्यात वरच्या गावाचा खांब होता, दुसऱ्या बाजूला ओढ्याकाठच्या गावाचा, आणि त्यातला एक चार बोटं वर होता. स्थपतीने खाली दगडाच्या कपच्या ठोकून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला आणि तुळई मधोमध तडकली.

सात महिन्यांचं तुंबलेलं भांडण मग एका घटकेत बाहेर पडलं. वरचं गाव ओढ्याकाठच्या गावाला नावं ठेवू लागलं, ओढ्याकाठचं वरच्याला. पाटील आपापली माणसं घेऊन घरी निघून गेले. स्थपती माळावर एकटाच उरला. त्याला फार लाज वाटली. शेतात कणसं भरत आली होती.

दोन दिवस चालून तो गुरूंच्या दारी गेला. गुरू अंगणात बसले होते आणि एक बुरडीण त्यांना रागावत होती.

“अवं बाबा, कामटी आधी भिजवायची असती. कोरडीच वाकवाया गेलात तर मोडंल न्हाई तर काय!”

“चुकलं माझं,” असं म्हणत गुरूंनी मोडकी कामटी बाजूला ठेवली आणि दुसरी पाण्यात बुडवली. सत्तरी उलटलेला, राजांचे किल्ले बांधलेला माणूस टोपली विणायला शिकत होता, आणि शिव्या खाऊनही मजेत होता. ते बघून तरुण स्थपती त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि घडलेलं सांगू लागला.

गुरूंनी सगळी हकिकत ऐकून घेतली. मग एवढंच विचारलं, “दोरी कुणी धरली होती?”

“ज्याची त्याने.”

“दोन्ही टोकं?”

“हो. प्रत्येक गावाचे खांब आपापल्यात अगदी बरोबर आहेत, गुरुजी.”

“असणारच. पण एका गावच्या खांबापासून दुसऱ्याच्या खांबापर्यंत दोरी कुणी ताणलीच नाही ना? भांडण नको म्हणून तू माणसं वेगळी ठेवलीस. मग दगड कसे जुळतील?” गुरूंनी पाण्यातली कामटी उलटवली. “मलाही हे पहिल्या बांधकामानंतरच कळलं. माझं तर छतच खाली आलं होतं.”

“मग तुम्ही येता का माझ्याबरोबर?”

“मला कुठे वेळ आहे? टोपली अर्धी राहिलीय,” गुरू म्हणाले.

स्थपती परत आला आणि पाचही पाटलांच्या दारी गेला. प्रत्येक दारी त्याने एकच सांगितलं, “खांब तुमचे चुकले नाहीत. काम लावण्यात माझी चूक झाली.” पाटील चकित झाले. त्या मुलखात कुणीही आपणहून असं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. जरा घुटमळून त्यांनी माणसं पाठवली.

आता दोरीचं एक टोक एका गावाच्या हातात आणि दुसरं दुसऱ्याच्या, असा नियम झाला. भांडणं पहिल्या सकाळपासून सुरू झाली.

“तुझं टोक खाली हाय.”

“तुझं डोळं तपासून घे आधी!”

पूर्वी स्थपती मधे पडला असता. आता तो शेजारी बसून ऐकायचा आणि फारच झालं की पाणसळ, म्हणजे पाणी भरून पातळी बघायची लाकडी पन्हळ, पुढे करायचा. पन्हळीतलं पाणी ज्या बाजूला सरकायचं, त्या बाजूचा माणूस ओशाळायचा.

चार बोटं वर आलेला खांब वरच्या गावाचा होता. तो तासावा लागेल म्हणताच त्यांचा म्हातारा गवंडी तापला. “आमचा खांब कापताय? आधी माजी मान कापा!”

दोरीचं दुसरं टोक ओढ्याकाठच्या गवंड्याच्या हातात होतं. त्याने दोरी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, “कापू नगा. आमचंच दोन्ही खांब खचल्यात. पाया भराया मुरूम न्हवता, आमी माती भरली. तट्टा होता, कोन बघतंय म्हनलं.”

वरच्या गावचा म्हातारा एकदम थंड झाला. “मुरूम आमच्यात डोंगरभर हाय की रं. मागायचा न्हाईस व्हय?”

दुसऱ्या दिवशी वरच्या गावाहून मुरमाच्या गाड्या आल्या. ओढ्याकाठचे दोन्ही खांब उतरवून पाया पुन्हा भरला आणि खांब पुन्हा उभे केले. त्यात दिवस गेले. तुळया एकेक करून चढत होत्या, पण पिकं थांबणार नव्हती. कणग्या भरल्या, तेव्हाही दोन तुळया खालीच होत्या.

अशातच एका दुपारी ओढ्याकाठच्या गावातून ढोल वाजला. लुटारू आले होते.

माळावर सगळ्यांचे हात थांबले. छत पुरं नव्हतं, शपथ झाली नव्हती. आता चार गावं घरी जाऊन कड्या लावणार, असं स्थपतीने मनाशी धरलं.

ओढ्याकाठचा गवंडी कुणाकडे न बघता उताराला पळत सुटला. तेवढ्यात वरच्या गावच्या म्हाताऱ्याने पहार उचलली. “आरं, त्यो एकटा कुठं निगाला? चला की!” मग घण, पहारी, फावडी, हाताला येईल ते घेऊन पाचही गावची माणसं त्याच्यामागे धावली. स्थपतीही धावला.

लुटारूंनी आजवर एकाच गावाची माणसं पाहिली होती. पाच गावांचा लोंढा उतरताना दिसला तेव्हा त्यांनी घोडी वळवली. त्यानंतर ते त्या उतारावर कधी दिसले नाहीत.

आठवड्याने छत पुरं झालं. कारभारी राजाचा शपथेचा मसुदा घेऊन आला. पाचही पाटील मंडपात बसले. कारभाऱ्याने घसा साफ करून वाचायला सुरुवात केली, तसा ओढ्याकाठचा पाटील मधेच म्हणाला, “वाचा, खुशाल वाचा. पर जरा बिगीबिगी. आज वरच्या गावात तळ्याचा बांध घालायचाय, आन् आमची मानसं तिकडं जाऊन खोळंबलीत.”

तात्पर्य : माणसं वेगळी ठेवली तर भांडण तेवढं टळतं; एकी हवी असेल तर एकत्र राबावं लागतं, आपली चूक कबूल करावी लागते, आणि हे शिकणं कधी संपत नाही.