कै. गोदावरीचा ठावठिकाणा

“कै. म्हणजे कुठे?”

बाईंनी असंच विचारलं, की ‘कै. म्हणजे काय’ असं विचारलं, हे भास्करराव उमाळे आज छातीवर हात ठेवून सांगणार नाहीत. शब्द मागेपुढे झाला असेल. हल्ली त्यांचा स्वतःच्या आठवणीवर फारसा भरवसा उरलेला नाही. पण सारी हयात भूगोल शिकवण्यात गेलेली, त्यामुळे कानात ‘कुठे’च राहिला आहे.

“कैलास,” ते म्हणाले. “कैलासवासीचं ते लघुरूप.”

“गाव आहे?”

“पर्वत आहे. तिबेटात.”

“आणि मी तिथं राहते?”

भास्कररावांनी ओशाळून मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं : गोदावरी उमाळे. मृत्युस्थळ : कैलास.

आणि जिचं मृत्युस्थळ असं नोंदलेलं, ती नव्वदीला टेकलेली बाई समोरच्या ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडत होती.

वऱ्हाडातल्या एका खेड्याबाहेरचा हा महानुभाव मठ. इथे सगळे त्यांना द्वारकाबाई म्हणत. गोदावरी हे नाव मठात कुणाला ठाऊकही नव्हतं.

“चूक माझी नाही, आत्या,” भास्करराव म्हणाले. “या प्रोग्रॅमला प्रत्येक माणसाचं ठिकाण लागतं. गाव, तालुका, जिल्हा, राज्य. घरच्या जुन्या वंशावळीत सगळं तोडून लिहिलेलं. बु. म्हणजे बुद्रुक, खु. म्हणजे खुर्द, मु. म्हणजे मुक्काम. मी एकेक सोडवत बसलो. तुमच्या नावाआधी नुसतं ‘कै.’ होतं, पुढे गाव नाही. त्यानं तेच गाव धरलं.”

“इथं आत्या कोणी नाही.”

“हो... बाई.”

“आणि कैलासाचं म्हणाल, तर आम्ही कृष्णाची माणसं, आमची गाडी तिथं थांबत नाही, प्रोफेसर. तुमच्या पेटीला सांगा.”

त्या हसल्या. एक खडा बोटाने बाजूला सारला.

भास्कररावांना हसू आलं नाही. ते दहा पिढ्यांची वंशावळ करत होते. वडगाव बुद्रुकचे कोण आणि वडगाव खुर्दचे कोण, हे त्यांच्याइतकं नेमकं भावकीत कुणाला सांगता येत नव्हतं, आणि ते तसं बोलूनही दाखवत. सगळ्या जागा भरत आल्या होत्या. मग एका लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा सहज म्हणाला, “तुमची आत्या? मठात आहे की. परवाच दंडवत घालून आलो.”

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

कारण ‘गोदी वारली’ हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. आणि नाना म्हणजे परीक्षेत पोटच्या पोराला एका गुणाने नापास करणारे हेडमास्तर. भास्कररावांनी आयुष्यभर ज्या एका माणसाच्या शब्दावर पाय रोवून उभं राहावं, असा तो माणूस.

“बाई, मी एकच विचारायला आलोय.”

“विचारा ना बाप्पा. वंशावळीतलं नका विचारू. ते सोडूनच इथं आले.”

“तुमच्या नावाचं ‘कै.’ काढू की ठेवू?”

“काहून? टोचते का ते?”

“काढलं तर नाना खोटे ठरतात. ठेवलं तर मी खोटा ठरतो.”

बाई डाळ निवडत राहिल्या...

“नानांना ठाऊक होतं का, तुम्ही इथे आहात ते?”

बाईंनी सूप एकदा पाखडलं.

“नाना माझ्याशी खोटं बोलले का?”

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. काठी घेतली, ओट्याला धरून सावकाश उभ्या राहिल्या.

“चला.”

“कुठे?”

“ठिकाण पाहिजे ना तुम्हाला?”

त्या फाटकाबाहेर पडल्या. मागून भास्करराव, लॅपटॉप छातीशी धरून, लहान मूल न्यावं तसा. वाट पऱ्हाटीच्या शेतामधून जात होती. बाई मध्येच थांबत, श्वास घेत, पुन्हा चालू लागत. भास्कररावांनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

हाकेच्या अंतरावर एक नाला होता. कोरडा. काठाला बाभळी. बाई त्यात उतरल्या नाहीत. अलीकडेच उभ्या राहून त्यांनी काठीने पलीकडचा काठ दाखवला.

“तिथवर आले होते तुमचे वडील.”

“मठापर्यंत नाही आले?”

“मठापर्यंत आले असते, तर मी आत गेले नसते.”

भास्करराव पलीकडच्या काठाकडे पाहत राहिले. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

“म्हणजे नानांनीच तुम्हाला...”

“घरी बापानं सांगितलं होतं, मठात गेलीस तर आम्हाला मेलीस. कोणी सोबत येईना. भाऊ आला.”

“काय म्हणाले ते?”

“काय म्हणणार? पिशवी दिली हातात. म्हणे, गोदे, पाय जपून टाक, गोटे निसरडे आहेत. मी उतरले. या बाजूला चढून मागं पाहिलं, तर पाठ दिसली.”

“हाक नाही मारलीत?”

“मारली.”

...

“मग?”

बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“गोदावरी इथं वारली. लिहा.”

भास्कररावांनी उभ्या उभ्याच लॅपटॉप उघडला. उन्हात पडदा दिसेना. मान वाकडी करून, सावली करून त्यांनी ‘कैलास’ पुसलं. मनाला एकदम हलकं वाटत होतं. नाना खोटं बोलले नव्हते. आता फक्त नोंद नीट करायची होती, आणि नोंद नीट करणं त्यांना येत होतं.

“गाव?” त्यांनी विचारलं.

“गाव कुठं आहे इथं?”

“मग शिवार कुणाचं?”

“बाभळीचं.”

“बाई, चेष्टा नको. गाव टाकल्याशिवाय हा पुढे जाऊ देत नाही.”

“अगाई! गावाबाहेर मरायचीही सोय नाही का आता माणसाला?”

भास्कररावांनी मठाच्या गावाचं नाव घालून पाहिलं.

“ते नाही,” बाई म्हणाल्या. “तिथं तर मी जगले.”

मग आपल्या वडगावचं.

“तिथं मी कुठं मेले? तिथून तर चालत आले.”

भास्कररावांनी लॅपटॉप मिटला. दोघं मठाकडे परतले. फाटकाशी त्यांनी वाकून दंडवत घातला, आणि बाईंनी तो इतर कुणाचा घ्यावा तसाच घेतला.

गोदावरीपुढची जागा कोरी राहिली. पुढे काही वर्षं ती त्यांना दाताच्या फटीत अडकलेल्या कणासारखी छळत होती. बाईंनी दाखवलेला नाला तोच होता ना, की वळणापलीकडचा दुसरा, अशीही शंका अधूनमधून येई. बायको म्हणाली, “सोडा हो आता.” पण सोडणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शेवटी महसूल खात्याचा जुना नकाशा हाती लागला. त्यावर भिंग धरून बसल्यावर नाल्याच्या त्या काठावर बारीक अक्षरं दिसली : मौ. खैरी (रि.).

रि. म्हणजे रिठ. लोक उठून गेले, घरं पडली, तरी नाव सरकारी दप्तरात राहिलं, अशा गावाला तिकडे रिठ म्हणतात. भास्कररावांनी तलाठ्याला विचारलं. मग तहसील कचेरीत विचारलं. मग स्वतः जाऊन, नाला, वळण, बाभळी ताडून पाहिल्या. शंका उरली नाही. गोदावरीचा भाऊ जिथून मागे वळला, ती जागा म्हणजे एक गाव होतं. त्याला नाव होतं, तालुका होता, जिल्हा होता.

तसेच ते मठात गेले. बाई आता खाटेवरून उठत नव्हत्या. दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं.

“बाई, ठिकाण सापडलं. त्याला नाव आहे!”

“असं?”

“मौजा खैरी, रिठ. सगळ्या कागदांत आहे. हे बघा, म्हणजे ऐका...” त्यांनी कागद उलगडून वाचून दाखवला. “क्षेत्रफळ दिलंय, चतुःसीमा दिल्यात. लो. सं. शून्य.”

“लो. सं. म्हणजे?”

“लोकसंख्या.”

“शून्य काहून?”

“कुणीच नाही ना तिथे. शंभर वर्षांत कुणी नाही.”

बाईंनी मान उशीवर टेकवली. डोळे मिटलेले होते. झोप लागली असावी, असं वाटून भास्करराव कागदाची घडी घालू लागले...

“भास्कर.”

“हो, बाई?”

“दोघं मेलो ना रे आम्ही तिथं.”