करंजाचा पिंजरा

लोखंडालाही जीभ होती, त्या काळातली ही गोष्ट. शहरातल्या एका रस्त्याकडेला करंजाचं रोप होतं आणि त्याच्याभोवती लोखंडी पिंजरा. बकऱ्या आल्या, गाड्या घासून गेल्या, पण पिंजऱ्याने रोपाच्या एका पानालाही धक्का लागू दिला नाही. रोपाचं झाड झालं.

पुढे गल्लीतल्या लोकांनी झाडं सांभाळायचं मनावर घेतलं. पहिल्याच दिवशी ते हौसेने पिंजरा रंगवायला डबे घेऊन आले. त्यांना शिकवायला आलेल्या कुमुदताई म्हणाल्या, "रंग ठेवा बाजूला. करवत आणा, आधी हा पिंजरा कापायचा."

पिंजरा खवळला. "याला मी वाढवलंय! बकऱ्या आल्या तेव्हा तुम्ही सगळे कुठे होतात?"

"तुमचे उपकार आहेतच," कुमुदताई म्हणाल्या. "पण जरा त्यालाही विचारा."

करंज अवघडून म्हणाला, "तुम्ही मला लहानाचं मोठं केलंत. तुमच्या सळ्या रुततात, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

पिंजऱ्याची नजर आजवर रस्त्यावरच असायची. त्याने पहिल्यांदा आत पाहिलं. सळ्यांच्या दोन्ही बाजूंनी साल फुगून आली होती.

मग तो म्हणाला, "ताई, करवत जपून चालवायला शिकवा यांना. माझं काही नाही, त्याच्या सालीला लागायला नको."