रेणाईंचं रक्त

"संन्याशाला कूळ असतं का, आई?"

वैदेहीनं हे विचारलं मठात सगळे ज्यांना आई म्हणत त्या रेणाईंना, पण ऐकवायचं होतं पाहुणीला. पाहुणीनं आल्या आल्या रेणाईंना "मावशी" अशी हाक मारली होती. मठात कुणी कुणाची मावशी नसते, असं वैदेहीनं तिला तिथल्या तिथं सांगितलं होतं.

रेणाई गहू निवडत होत्या.

"आधी तिला बसू दे," त्या म्हणाल्या.

पाहुणीचं नाव हर्षदा. यवतमाळला एका दवाखान्यात ती नर्स होती. तिची आई स्तनाच्या कर्करोगानं गेली, धाकटी मावशीही त्यानंच. रेणाईंनाही तो झाला होता. मठात असतानाच त्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या वाचल्या. तिघी बहिणींत आता त्याच उरल्या होत्या.

हर्षदानं येण्याचं कारण सांगितलं. काही घराण्यांत हा रोग पिढीजात असतो. एखाद्या जनुकात बिघाड असतो आणि तो आईकडून नाहीतर बापाकडून मुलांत उतरतो. तो शोधायचा तर ज्याला रोग झाला त्याचं रक्त आधी तपासावं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. बिघाड तिथं सापडला, की हर्षदात आणि तिच्या बहिणीत नेमका तेवढाच बघता येणार होता.

वैदेहीला हे पटेना. दीक्षेच्या दिवशी रेणाईंनी नाव, गोत्र, माहेर सगळं टाकलं होतं. वैदेहीनंही टाकलं होतं. घरी आई आजारी आहे हे सांगायला तिचा भाऊ मागे एकदा आला, तेव्हा तिनं त्याला फाटकातूनच परत लावून दिलं. मठात त्या वैराग्याचं फार कौतुक झालं. रेणाई तेवढ्या काही बोलल्या नव्हत्या.

"यांचं रक्त आता तुमच्या घरचं नाही," वैदेही हर्षदाला म्हणाली.

रेणाईंनी सूप बाजूला सारलं. बाही कोपराच्या वर घेतली आणि हात हर्षदापुढे धरला.

"ऑपरेशन कुठल्या बाजूचं?" हर्षदानं विचारलं.

"उजव्या."

"मग डावा द्या. ऑपरेशनच्या बाजूचा हात टोचत नाहीत."

सुई टोचण्याआधी हर्षदा थांबली. या तपासणीत तुमच्याबद्दलही काही कळेल, पुढच्या धोक्याबद्दल, असं तिनं बजावलं.

"कळू दे," रेणाई म्हणाल्या.

काही महिन्यांनी हर्षदा पुन्हा आली. रेणाईंच्या रक्तात बिघाड सापडला होता. हर्षदाच्या धाकट्या बहिणीत तो नव्हता. हर्षदात होता.

हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. रोग झालेला नाही, होण्याची शक्यता जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ, असं ती म्हणाली. दरवर्षी तपासण्या करायच्या होत्या. ऑपरेशनचं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं होतं. रेणाईंनाही नियमित तपासून घ्यायला तिनं सांगितलं. त्या हो म्हणाल्या. मग त्यांनी तिला आग्रहानं जेवू घातलं.

वैदेही तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेली. वाटेत तिनं विचारलं, "आईंनी रक्त दिलं नसतं तर?"

"तर दोघी बहिणी जन्मभर घाबरत राहिलो असतो," हर्षदा म्हणाली. "आता एकीची भीती तरी गेली. आणि मला काय करायचं ते कळलं."

परत आल्यावर वैदेही रेणाईंसमोर बसली.

"इतकी वर्षं झाली तुम्हाला दीक्षा घेऊन," ती म्हणाली. "तरी कूळ रक्तातून गेलं नाही."

"नाही गेलं."

"मग आपण सोडलं तरी काय, आई?"

रेणाईंनी गव्हाचं सूप पुढ्यात ओढलं.

"सोडता आलं तेवढं."